फ्रोमेलचे बेपत्ता

१९ जुलै १९१६. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, पण ऊन अजून चांगलंच तापतंय. उत्तर फ्रान्समध्ये या दिवसांत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. तुम्ही फ्रोमेल नावाच्या खेड्यासमोरच्या सपाट शेतात उभे आहात. खंदक शोधायला जाल तर सापडणार नाही. इथे हात-दोन हात खणलं की पाणी लागतं, म्हणून मातीनं भरलेल्या पोत्यांची भिंत जमिनीच्या वर रचली आहे आणि तिच्या आडोशाला माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली आहेत. सकाळपासून तोफा चालल्यात. बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. तुमच्या शेजारचा पोरगा पाण्याच्या बाटलीचं बूच काढतो, घोट घेतो, बूच लावतो आणि लगेच पुन्हा काढतो.

ही पाचवी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन. काही आठवड्यांपूर्वी ही माणसं इजिप्तच्या वाळूत होती. पश्चिम आघाडीवरची ऑस्ट्रेलियाची ही पहिली मोठी लढाई. यातला एकही जण सक्तीनं आणलेला नाही. शेतकरी, लोहार, बँकेतले कारकून, शाळामास्तर, सगळे आपल्या पायांनी भरतीच्या टेबलापर्यंत चालत गेलेले.

समोर टेकाडावर फ्रोमेलच्या चर्चचा मनोरा दिसतो. तिथून जर्मन तुम्हाला पाहू शकतात. सकाळपासून पाहतच आहेत. उजव्या अंगाला जर्मन फळीचा एक भाग सोंडेसारखा पुढे आलाय. नकाशावर त्याचं नाव शुगरलोफ. त्यात मशीनगन आहेत. या दोन फळ्यांमधलं अंतर शुगरलोफपाशी सुमारे ४०० यार्ड, उघडंबोडकं गवत आणि मधून जाणारा एक ओढा. पंधराव्या ब्रिगेडचा प्रमुख पॉम्पी एलियट यानं हे अंतर पाहिलं होतं. वरच्या कचेरीतून आलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याला त्यानं ते मुद्दाम नेऊन दाखवलं आणि काय होईल असं विचारलं. कत्तल होईल, असंच उत्तर त्या अधिकाऱ्यानंही दिलं. तरी हुकूम कायम राहिला. दक्षिणेला ऐंशी किलोमीटरवर सोमची लढाई पेटली होती आणि तिकडे जर्मनांनी इथून कुमक पाठवू नये, एवढ्यासाठी हा हल्ला हवा होता. योजना ब्रिटिश जनरल हेकिंगची.

पावणेसहाला पंधरावी ब्रिगेड भिंतीवर चढते.

शुगरलोफवरचे मशीनगनवाले मेलेले नव्हते. सात तासांच्या तोफमाऱ्यानं त्यांचं फारसं काही बिघडलेलं नव्हतं. पहिली ओळ पंचवीस-तीस पावलं जाते आणि खाली बसते असं तुम्हाला वाटतं. ती बसलेली नसते. दुसरी ओळ तिच्यावरून पुढे जाते. तुमच्या शेजारचा पोरगा तिसऱ्या ओळीत होता. आता त्याच्या जागी फक्त बाटली आहे. डाव्या बाजूला, जिथे मोकळी जागा अरुंद आहे, तिथे आठवी आणि चौदावी ब्रिगेड जर्मन फळी ओलांडून आत घुसतात. नकाशात दुसरी आणि तिसरी फळी दाखवली आहे, ती ते शोधत राहतात. तिथे पाण्यानं भरलेल्या चाऱ्या आहेत, बाकी काही नाही. रात्रभर ते त्या चाऱ्यांत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चिखलाची पोती रचतात. पहाटेपर्यंत जर्मन दोन्ही बगलांनी मागे येऊन पोचतात. ज्यांना परत येता आलं ते त्याच गोळीबारातून परत आले. बरेचसे आले नाहीत.

२० तारखेच्या सकाळी हजेरी होते. साठाव्या बटालियनमधून नावाला ओ देणारे निघतात एक अधिकारी आणि १०६ जवान. आदल्या दिवशी ते सुमारे ९०० होते. परतणाऱ्यांशी हात मिळवताना एलियट रडत होता आणि ते त्यानं कुणापासून लपवलंही नाही. एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मेलेले १,९०० हून जास्त. सरकारी पत्रकात या सगळ्याला काही महत्त्वाच्या धाडी असं म्हटलं गेलं. ते वाक्य ज्यानं कुणी लिहिलं, त्याला या गवतावर दहा मिनिटं उभं करायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

कारण गवत ओरडतंय. शेकडो जखमी दोन्ही फळ्यांच्या मधोमध पडलेत. उन्हात कुणी पाणी मागतंय, कुणी नुसता हात वर करतंय. मेजर मर्डॉक नावाचा एक अधिकारी जिवावर उदार होऊन हातात निशाण घेऊन जर्मनांकडे जातो. तिकडचे बव्हेरियन सैनिक ऐकूनही घेतात. तुमची माणसं तुम्ही उचला, आमची आम्ही, असं जवळजवळ ठरतं. डिव्हिजनचा प्रमुख जनरल मॅके परवानगी नाकारतो. शत्रूशी असली बोलणी करायची नाहीत, असा वरचा नियम होता.

मग रात्री माणसं स्वतःच निघतात. त्यांच्यातला एक सार्जंट सायमन फ्रेझर, सत्तावन्नावी बटालियन. व्हिक्टोरिया प्रांतात शेती करणारा, दणकट खांद्यांचा, वयानं इतरांपेक्षा मोठा. तुम्ही त्याच्यामागून सरपटत जाता. एका जखमीला तो पाठीवर घेतो आणि इतक्यात काही हातांवरून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज येतो: मला विसरू नकोस रे. फ्रेझर थांबून सांगतो की परत येतो, आणि स्ट्रेचर घेऊन येतोही. पुढे घरी लिहिलेल्या पत्रात त्यानं हे सगळं साध्या शब्दांत लिहिलं. दहा महिन्यांनी बुलेकोर्टच्या लढाईत तो स्वतः मारला गेला आणि त्याचं शरीर कुणालाच मिळालं नाही.

आता तुम्ही ओलांडून पलीकडे जा. तुम्हाला कुणी अडवणार नाही. जर्मन फळीच्या मागे फेझंट वूड नावाचं छोटंसं रान आहे. त्याच्या कडेला बव्हेरियन सैनिक खड्डे खणताहेत. सुमारे चारशे प्रेतांसाठी जागा करा, असा हुकूम आहे. अरुंद रुळांवरच्या ढकलगाडीतून शत्रूची प्रेतं येतात. गळ्यातला बिल्ला काढून घेतला जातो, खिशातली कागदपत्रं वेगळी ठेवली जातात, आणि मग माणसं ओळीनं खाली ठेवली जातात, पहिल्या ओळीवर माती, तिच्यावर दुसरी ओळ. या पुरण्यात क्रूरपणा नाही. उन्हाळा आहे, घाईनं उरकणं भाग आहे, एवढंच. खड्डे आठ आहेत. शेवटचे रिकामेच राहतात.

ही जागा नीट बघून ठेवा. ती पुढची ब्याण्णव वर्षं कुणाला सापडणार नाही.

इथून नैर्ऋत्येला काही मैलांवर न्यव शापेल आहे. मराठी माणसानं फ्रोमेलला उभं राहिल्यावर तिकडे एकदा मान वळवावी. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, म्हणजे ऑस्ट्रेलियन यायच्या दीड-पावणेदोन वर्षं आधी, खडकीहून आलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या तिथे संगिनी लावून घराघरांतून लढल्या आणि त्यांतले बरेच जण परतले नाहीत. असाच चिखल आणि अशीच पोत्यांची भिंत तिथे आधी हिंदी फौजेनं सांभाळली होती. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा साडेचार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत.

आता लंडन, १९१६ चा हिवाळा, व्हिक्टोरिया स्ट्रीट. जिना चढून वर गेलात की टाइपरायटरचा आवाज येतो आणि ओल्या लोकरीच्या कोटांचा वास. ही ऑस्ट्रेलियन रेडक्रॉसची जखमी व बेपत्ता सैनिकांची चौकशी करणारी कचेरी. ती चालवते व्हेरा डीकिन. वय पंचविशीच्या आतबाहेर, माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची धाकटी मुलगी. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेच्या वेळी कैरोत तिनं हे काम सुरू केलं, तेव्हा ती २३ वर्षांची होती.

टेबलावरच्या पत्रांचा गठ्ठा फ्रोमेलचा आहे. प्रत्येक पत्रात एकच विचारणा. माझा मुलगा १९ जुलैपासून बेपत्ता आहे असं कळवलं गेलंय, तर तो कैदेत असू शकतो का? जखमी होऊन स्मृती गेली असेल का? त्याच्या डाव्या भुवईवर व्रण आहे. तो गातो छान. ही खूण पटेल का? आई आपल्या मुलाचं वर्णन करायला बसते तेव्हा ज्या खुणा तिला आठवतात, त्या लष्कराच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. व्हेराच्या कचेरीत मात्र त्या सगळ्या टिपून घेतल्या जातात.

कामाची रीत अशी. प्रत्येक बेपत्ता माणसाची एक फाइल आणि एक कार्ड. त्याच्या बटालियनमधले जखमी इंग्लंड-फ्रान्समधल्या ज्या ज्या इस्पितळांत पडलेत, तिथे स्वयंसेवक यादी घेऊन जातात आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसतात. हा तुमच्या पलटणीत होता का? शेवटचा कुठे पाहिलात? माणसं सांगतात. एक म्हणतो, मी त्याला तारेवर पडलेला पाहिलं. दुसरा म्हणतो, छे, तो तर ओढ्याच्या पलीकडे गेला होता, उंच होता, त्याला टोपणनाव होतं. तिसऱ्याला वाटतं की तो दुसराच कुणीतरी. परस्परांना छेद देणाऱ्या या साक्षी एकमेकींशेजारी टाचल्या जातात. घरी लिहिताना व्हेराच्या कचेरीचा दंडक असा की जे कळलंय ते लपवायचं नाही आणि जे कळलेलं नाही त्याची खोटी आशा लावायची नाही. हे पाळणं किती अवघड, हे तुम्हाला या खोलीत पाच मिनिटं बसलात तरी कळतं. समोरच्या बाईनं चौथ्यांदा तेच पत्र टाइप करायला घेतलंय. दर वेळी एकच वाक्य अडतं आणि दर वेळी ती कागद ओढून काढते.

काही फाइलींमध्ये जर्मनीहून आलेली एक नोंद आहे: बिल्ला मिळाला आहे, माणूस मृत आहे, यापलीकडे माहिती नाही. म्हणजे पुरलं कुणीतरी. कुठे पुरलं, ते नाही. तुम्हाला ठाऊक आहे. रानाच्या कडेला, रुळांच्या शेजारी. सांगावंसं वाटतं, पण या खोलीत तुमचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही.

मेलबर्नच्या एका उपनगरात चला. लाकडी घर, पुढे छोटा व्हरांडा, फाटकाला सैल झालेली कडी. आत एक बाई भांडी घासतेय आणि रस्त्याकडे कान लावून आहे. मृत्यूची बातमी या देशात बहुधा पाद्री घेऊन येतात, त्यामुळे काळ्या कोटातला माणूस गल्लीत शिरला की दोन्ही बाजूंच्या घरांतल्या बायकांचे हात थांबतात. तो कुणाच्या फाटकाशी वळतो, याकडे सगळ्यांचे डोळे. हिच्याकडे पाद्री आलाच नाही. हिच्याकडे आली फक्त तार: बेपत्ता. फ्रान्सहून पत्र यायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे तारेनंतरही मुलाची पत्रं येत राहिली. तो गेल्यानंतरची नव्हेत, आधी लिहिलेली. त्यात त्यानं लोकरीचे मोजे मागितले होते. तिनं ते विणले आणि पाठवले. पार्सल परत आलं.

वर्षभरानं चौकशी न्यायालय बसलं आणि बेपत्ता असलेल्यांना मृत ठरवलं गेलं. त्यानंतरही ती व्हिक्टोरिया बॅरॅक्समधल्या नोंदणी कचेरीला लिहीत राहिली. युद्ध संपल्यावर तळहातापेक्षा थोडी मोठी, काशाची गोल चकती आली. हरेक मृताच्या घरी ती गेली. लोक तिला मेलेल्याचा पैसा म्हणत. तिनं ती भिंतीवर लावली नाही. कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवली. दर १९ जुलैला वर्तमानपत्राच्या स्मरणस्तंभात ती चार ओळी द्यायची. त्या दिवशीच्या अंकात तशा चार-चार ओळींचे कितीतरी स्तंभ असत. मी तुम्हाला तिचं नाव सांगत नाही, कारण ही एक बाई नाही. त्या वर्तमानपत्राचं ते अख्खं पान आहे.

११ नोव्हेंबर १९१८. युद्ध थांबलं. लंडन-पॅरिसच्या रस्त्यांवर लोक नाचताहेत. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत युद्धवार्ताहर चार्ल्स बीन मात्र आज फ्रोमेलला आलाय. शांतता कशी दिसते हे पाहायला त्यानं हीच जागा निवडली. तुम्ही त्याच्या मागून चालता. शुगरलोफसमोरच्या गवतात कवट्या आहेत, हाडं आहेत, कुजलेल्या लष्करी कापडाच्या चिंध्या आहेत. सव्वादोन वर्षं ती इथेच पडून आहेत. बीन चष्मा पुसतो आणि वहीत लिहितो. १९१६ मध्ये, सोमच्या लढाईतल्या पोझिएरच्या विध्वंसात, त्याच्या मनात आलं होतं की या माणसांच्या वस्तू, नकाशे, डायऱ्या जपणारी एक जागा मायदेशी असली पाहिजे. कॅनबेराचं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल त्यातूनच उभं राहिलं. त्याचं उद्घाटन व्हायला ११ नोव्हेंबर १९४१ उजाडलं, आणि तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं.

एक गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय ऑस्ट्रेलियाचं हे सगळं स्मरण उमगत नाही. प्रेतं घरी आली नाहीत. ब्रिटिश साम्राज्याचा निर्णयच तसा होता: श्रीमंताचा मुलगा असो की मजुराचा, जिथे पडला तिथेच पुरायचा. ऑस्ट्रेलियात परत आणून पुरला गेला तो जनरल ब्रिजेस, गॅलिपोलीत जखमी होऊन गेलेला. बाकी साठ हजार तिकडेच राहिले. देशाची तेव्हाची लोकसंख्या पन्नास लाखही नव्हती. ब्रिटनमधली आई बोटीनं खाडी ओलांडून मुलाच्या कबरीवर फूल ठेवू शकत होती. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या आईला ते आयुष्यात शक्य नव्हतं. म्हणून गावोगाव, चौकाचौकांत, शाळांच्या भिंतींवर नावं कोरली गेली. कबर नसेल तर निदान नाव तरी बोटांनी चाचपता यावं. १९२० च्या दशकातल्या छोट्या गावांतून फिरा. रायफल खाली टेकवून उभा असलेला दगडी सैनिक तुम्हाला भेटेल, आणि त्याच्या चौथऱ्यावर अनेक ठिकाणी मेलेल्यांबरोबर जिवंत परतलेल्यांचीही नावं असतील. सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा जनमत घेतलं गेलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. त्यामुळे गेलेला प्रत्येक जण स्वेच्छेनं गेलेला होता, आणि गावाला ते लिहून ठेवायचं होतं.

या चौथऱ्यापाशी मला आपल्याकडच्या पाट्या आठवतात. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत इंग्रज सरकारनं बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतकी कामी आली. इतकंच. आकडा आहे, नाव नाही. गावात म्हाताऱ्या माणसांना ती नावं ठाऊक होती तोवर चाललं. आता त्यांच्यामागे ती सांगणारं कुणी राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियन गावांनी स्वतः वर्गणी काढून नावं कोरली. दगडावर नाव कुणी लिहायचं, सरकारनं की शेजाऱ्यांनी, यानं फार फरक पडतो.

ऑस्ट्रेलियात दरवर्षी पहाटे होणाऱ्या स्मरणप्रार्थनेचंही तसंच. सिडनीत मार्टिन प्लेसला पोस्टाच्या भल्यामोठ्या इमारतीसमोर स्मारक होत होतं. १९२७ च्या २५ एप्रिलला, म्हणजे ऑस्ट्रेलियन सैन्य गॅलिपोलीत उतरल्याच्या स्मरणदिनी, काही माजी सैनिक पहाटे घरी परतत असताना तिथे एक वयस्क बाई एकटीच फुलं ठेवताना त्यांना दिसली, असं सांगतात. ते तिच्या शेजारी माना खाली घालून उभे राहिले. पुढच्या वर्षी तिथे पहाटे रीतसर कार्यक्रम झाला, दीडेकशे माणसं जमली. आज लाखो लोक ज्या वेळेला उठून थंडीत उभे राहतात, ती वेळ कुठल्या खात्यानं नेमून दिलेली नाही.

फ्रोमेलला तोवर व्ही. सी. कॉर्नर नावाचं स्मशान झालं होतं. युद्धानंतर गवतातून गोळा केलेल्या ४१० ऑस्ट्रेलियनांना तिथे एकत्र पुरलं. एकाचीही ओळख पटलेली नव्हती, म्हणून एकही शिळा नाही. हिरवळ आहे, आणि मागच्या भिंतीवर ज्यांचा पत्ता लागला नाही त्या सगळ्यांची नावं. फ्रेझरचं नाव याच्याही पुढे, सोमजवळच्या व्हिलेर-ब्रेतोनेच्या स्मारकावर, १९३८ मध्ये उघडलेल्या भिंतीवर आहे. ज्यानं विसरू नकोस म्हणणाऱ्याला उचलून आणलं, तो स्वतः एक कोरलेली ओळ होऊन राहिला. १९९८ मध्ये फ्रोमेलला त्याचा पुतळा उभा राहिला, पीटर कॉर्लेटनं घडवलेला, पाठीवर जखमी घेतलेला.

कॅनबेरा, ११ नोव्हेंबर १९९३. व्हिलेर-ब्रेतोनेजवळच्या ॲडलेड स्मशानातून एका अनोळखी ऑस्ट्रेलियन सैनिकाला उकरून मायदेशी आणलंय. टास्मानियाच्या लाकडाची शवपेटी, तिच्यात एक संगीन आणि वॅटल या ऑस्ट्रेलियन फुलझाडाची डहाळी. पंतप्रधान पॉल कीटिंग बोलतात, आणि चांगलं बोलतात. हा कोण होता हे आपल्याला कधीच कळणार नाही, इथून सुरुवात करतात. मग पश्चिम आघाडीवर लढलेला एक म्हातारा सैनिक, रॉबर्ट कोम्ब, पोझिएरची माती पेटीवर सोडतो आणि म्हणतो, ‘आता घरी आलास, दोस्ता.’ बाहेर कबरीपर्यंत जायला रांग लागली आहे. रांग नावांच्या काशाच्या तक्त्यांजवळून पुढे सरकते. त्यावर हुद्दा नाही, फक्त नाव. जनरलही तसाच, खाणीतला पोऱ्याही तसाच. आज ती नावं एक लाखाच्या वर आहेत. तुमच्या पुढच्या बाईच्या हातात कापडी पॉपीचं फूल आहे. थांबून थांबून तिला कंटाळा येतो, की काही वाटतं, कोण जाणे. ती ते फूल दोन तक्त्यांमधल्या फटीत, एका नावाशेजारी खोचते. मागचा माणूस तिचं पाहून तसंच करतो. संध्याकाळपर्यंत भिंत लाल होऊ लागते. आजही तुम्ही तिथे गेलात तर ती लालच दिसेल. हेही कुणी ठरवून दिलेलं नव्हतं.

आणि आता पुन्हा फ्रोमेल. मेलबर्नचा एक शाळामास्तर, लांबिस इंग्लेझोस. तो त्या लढाईतून वाचलेल्या म्हाताऱ्यांना भेटत असे. त्यानं हिशेब मांडला: मेलेले किती, सापडलेल्या कबरी किती, आणि जुळेना. दीड-दोनशे माणसं कुठेच नव्हती. व्हेराच्या जुन्या फाइलींमध्ये जर्मनांच्या नोंदी होत्या. लढाईनंतर विमानातून काढलेल्या छायाचित्रांत फेझंट वूडच्या कडेला आठ काळे आयत दिसत होते, काही भरलेले, काही उघडे. युद्धानंतरच्या शोधपथकांनी ते कधीचेच उकरले असतील, असं जाणकार त्याला सांगत राहिले. तो ऐकेना. वर्षं गेली. अखेर २००८ मध्ये थोडं खणून पाहिलं गेलं, आणि तुम्ही जिथे उभे होतात तिथेच हाडं लागली.

२००९ च्या उन्हाळ्यात तुम्ही त्या खड्ड्याच्या काठावर परत आलात. आता तिथे तंबू आहे. पांढरे कपडे, हातमोजे, मुखपट्ट्या घातलेली माणसं लाकडी कोरण्यांनी माती बाजूला करताहेत, एका शरीरामागे कित्येक दिवस. एकूण २५० सापडतात. कुणाचा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर पडलेला आहे. पुरणाऱ्यांनी तो तसा ठेवला होता की माती दबताना तो सरकला, हे इथे काम करणाऱ्यांनाही सांगता येत नाही. बटणं आहेत, बुटांचे तळवे आहेत, पाइप आहे, चामड्याच्या छोट्या पिशवीत जपलेला क्रॉस आहे. आणि एका माणसाजवळ कागदाचा घडी घातलेला तुकडा आहे. प्रयोगशाळेत तो ओला ठेवून, चिमट्यानं, एकेक पदर सोडवत उलगडला जातो. अक्षरं वाचता येतात. फ्रीमँटल ते पर्थ, रेल्वेचं तिकीट. परतीचा भाग.

फ्रीमँटल हे पश्चिम ऑस्ट्रेलियाचं बंदर, पर्थ तिथून जवळच; आपल्याकडे ठाण्याहून दादरला जावं त्याहूनही थोडं कमीच. त्या माणसानं ते तिकीट काढलं, अर्धं वापरलं आणि उरलेलं अर्धं जपून ठेवलं. इजिप्त ओलांडून, फ्रान्समध्ये, त्या भिंतीवरून, खड्ड्यापर्यंत. वीसेक वर्षांचा माणूस परतीचं तिकीट फेकत नाही, तेवढीच नंतरची सोय. यापेक्षा जास्त काही त्यात वाचू नये, पण तेवढंही मला पुरे होतं.

३० जानेवारी २०१० ला पहिल्या सैनिकाला नव्या स्मशानात पुरतात. कडाक्याची थंडी आहे, जमीन गोठली आहे. पन्नासहून अधिक वर्षांत राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं बांधलेलं हे पहिलंच नवं स्मशान. महिनाभर शवपेट्या येत राहतात, प्रत्येकीला स्वतंत्र मान, स्वतंत्र खड्डा. शेवटचा सैनिक १९ जुलै २०१० ला, लढाईच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षदिनी. त्या मार्चपर्यंत ७५ जणांना नावं परत मिळाली होती. आता तो आकडा १७० च्या पुढे गेला आहे. नाव मिळालं की शिळा बदलते आणि खाली कुटुंबानं निवडलेल्या दोन ओळी कोरल्या जातात. शंभर वर्षांपूर्वी जिनं त्या ओळी वर्तमानपत्रात छापल्या होत्या, तिच्या नातवाच्या मुलीनं निवडलेल्या.

उरलेल्यांचं काम अजून चालू आहे. ते खणण्याचं नाही, फोनचं आहे. हाडांतून मिळालेला डीएनए कुणाशी तरी जुळवायचा, तर रक्ताचा नातलग हवा. यातले बरेच जण बिनलग्नाचे गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं. पण डीएनएचा एक धागा आईकडून मुलांकडे येतो आणि पुढे फक्त मुलींकडूनच चालतो: आईकडून बहिणीकडे, बहिणीकडून भाचीकडे, भाचीकडून तिच्या मुलीकडे. म्हणून वंशावळ जुळवणारे लोक जुनी लग्नाची रजिस्टरं चाळतात, बदललेली आडनावं शोधतात, आणि एका सकाळी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा घरी फोन वाजतो. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. साठीच्या बाई फोन घेतात. पलीकडची व्यक्ती आधी माफी मागते, मग हळूच विचारते की तुमच्या आईच्या आजीला एक भाऊ होता का, १९१५ मध्ये सैन्यात गेलेला. बाई गोंधळतात. आईच्या आजीचा भाऊ? तिचं माहेरचं आडनावसुद्धा त्यांना आठवत नाही. पलीकडची व्यक्ती ते सांगते. मग बाई विचारतात की मला काय करावं लागेल, आणि त्यांना सांगितलं जातं की पोस्टानं एक छोटं पाकीट येईल, त्यात कापसाची काडी असेल, ती गालाच्या आतल्या बाजूनं अर्धा मिनिट फिरवायची आणि परत पाठवायची. बाई कागद-पेन्सिल शोधतात आणि पत्ता सांगायला लागतात.